परदेशी निघण्याआधी लसीचं बघा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळींसाठी

आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांसमोर वाढली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये हात बसलेली पोरं आफ्रिकेत कामाला जातात. इंजिनिअरिंग झालेली मुलं अमेरिकेला शिकायला जातात. कुणी उमऱ्याला निघतं, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी लंडन गाठतं. पासपोर्ट, व्हिसा, पैसे, बॅगेचं वजन, सगळ्याची चौकशी महिनोन्‌महिने चालते. लस मात्र आठवते शेवटच्या आठवड्यात, आणि तोवर काही लसींची वेळ खरोखर निघून गेलेली असते.

पूर्व आफ्रिकेत कामाला जाताना मी ही सगळी कामं केली आहेत. त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कागद लावून दिले. टोचून घ्यायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. वेळ जातो तो तारखा जुळवण्यात, योग्य केंद्र गाठण्यात आणि कागदावरचं नाव बरोबर येण्यात. म्हणून हे क्रमानं लिहितो आहे.

1. तुमची लस कोण मागतंय ते आधी ठरवा

एक लस देश मागतो. पिवळ्या तापाची लस त्यातली. तिचं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, नसेल तर विमानात बसू देत नाहीत किंवा उतरल्यावर अडवतात. दुसरी लस संस्था मागते, म्हणजे विद्यापीठ, कंपनी, जहाज कंपनी. ती नसेल तर विमान चुकत नाही, पण कॉलेजची नोंदणी अडकते. तिसरी कुणीच मागत नाही, ती तुमच्या तब्येतीसाठी. टायफॉइड, कावीळ अ (हिपॅटायटिस ए), धनुर्वात या त्यातल्या.

एजंट तुम्हाला फक्त पहिल्या प्रकाराबद्दल सांगेल, कधी तेही नाही. ज्या देशात उतरणार त्याच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. मधे विमान कुठं बदलणार तेही कागदावर लिहून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

कोविडची लस आता बहुतेक देश विचारत नाहीत. तरी कोविनवरचं प्रमाणपत्र फोनमध्ये उतरवून ठेवलेलं बरं.

2. निघण्याच्या तारखेपासून मागे मोजा

कॅलेंडर समोर घ्या आणि निघायच्या तारखेवर खूण करा. आता मागे या.

- पिवळ्या तापाचं कार्ड लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. 20 जूनला उतरायचं असेल तर 10 जूनच्या आत लस झालेली हवी.
- मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लस सौदी अरेबियाला पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी.
- टायफॉइडची लस साधारण 2 आठवडे आधी घ्यावी.
- गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआरचे दोन डोस लागतात, दोन्हींत किमान 28 दिवसांचं अंतर.
- कावीळ ब साठी तीन डोस, 0, 1 आणि 6 महिने. म्हणजे अर्धं वर्ष.
- पोलिओचा प्रसार अजून असलेल्या पाकिस्तान, अफगाणिस्तानसारख्या देशांत जाणाऱ्यांनी पोलिओचा डोस किमान 4 आठवडे आधी घ्यायचा असतो.

यात एक मेख आहे. पिवळा ताप, एमएमआर आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी घेतल्या तर चालतात. नाहीतर मधे 4 आठवडे जाऊ द्यावे लागतात. आज एमएमआर आणि पुढच्या सोमवारी पिवळा ताप, असं करता येत नाही. म्हणून पहिली सुई टोचण्याआधी सगळ्या लसींची यादी एका डॉक्टरांसमोर ठेवा. किमान दोन महिने हातात ठेवा. विद्यार्थ्यांनी प्रवेश पक्का झाला की लगेच लागावं.

3. पिवळा ताप: कोणाला लागते आणि एवढी सक्ती का

आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत हा ताप आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो, ब्राझील, पेरू ही आपल्या लोकांच्या तोंडी असलेली नावं त्यात येतात. दक्षिण आफ्रिका, इजिप्त, मॉरिशस या यादीत नाहीत. पण नैरोबीत उतरून, दोन दिवस राहून मग जोहान्सबर्गला जाणार असाल तर दक्षिण आफ्रिका तुमच्याकडे कार्ड मागणार, कारण तुम्ही केनियातून येताय. इथिओपियातल्या अदिस अबाबाला विमान बदलणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. बारा तासांहून जास्त थांबा असेल तर अनेक देश तो मुक्कामच धरतात. थांबा थोडाच आहे म्हणून कोणी सूट देईल या भरवशावर निघू नका, लस घेऊन टाका. ती एकदाच घ्यायची असते आणि 11 जुलै 2016 पासून तिचं कार्ड आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तेही आता आयुष्यभर ग्राह्य आहे.

सक्ती का, हे समजून घ्या. पिवळा ताप भारतात आजवर आलेला नाही. तो पसरवणारा डास मात्र इथं भरपूर आहे. बेळगावात दर पावसाळ्यात डेंगी पसरवणारा एडिस डास तोच. आजारी माणूस एकदा इथं उतरला आणि त्याला हा डास चावला, की पुढे काय होईल हे सांगायला नको. म्हणून परत येतानाही विमानतळावर कार्ड तपासतात. बाधित देश सोडून 6 दिवस झालेले नसतील आणि कार्ड नसेल, तर उरलेले दिवस वेगळं ठेवतात. घरचे बाहेर हार घेऊन उभे असले तरी सोडत नाहीत.

आता सर्वांत वाईट सापळा. सुई न टोचता नुसतं कार्ड भरून देणारे लोक आहेत. "इंजेक्शनचा त्रास कशाला, कार्ड आणून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. या तापाचा गंभीर टप्पा गाठलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात आणि त्यावर नेमकं औषध नाही. तुम्ही ज्या खाणीवर किंवा साइटवर जाणार तिथून मोठं हॉस्पिटल किती लांब असेल याचा विचार करा. खोटं कार्ड विमानतळावर कदाचित चालेल, डासाला ते दाखवता येत नाही.

4. केंद्र कुठं गाठायचं

पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मान्यता दिलेल्या केंद्राचाच शिक्का लागतो आणि अशी केंद्रं ठरावीक शहरांत आहेत. आपल्याला सोयीचे पर्याय असे:

गोवा. मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, वास्कोजवळ. रस्त्यानं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट. पावसाळ्यात घाटाचा भरवसा धरू नका. गोवा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढा करत थेट वास्कोला जाते, तिनं आदल्या दिवशी जाऊन राहा.

पुणे. ससून रुग्णालय आणि बी. जे. मेडिकल कॉलेज. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या लोकांना महामार्गानं हेच सरळ पडतं.

बेंगळूरु. विमानतळाची आरोग्य संघटना आणि शहरातली इतर मान्यताप्राप्त केंद्रं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत पोचता येतं. व्हिसाच्या कामाला बेंगळूरुला जाणारच असाल तर दोन्ही कामं एका फेरीत बसवा.

मुंबई. तिथलं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन. जहाजावर नोकरी करणाऱ्यांना ते माहीत असतंच.

आपल्याकडच्या माणसांच्या मनात एक धास्ती कायमची बसली आहे: पत्ता कर्नाटकाचा आहे, महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून परत पाठवतील. इथं तसं होत नाही. ही केंद्र सरकारच्या मान्यतेची लस आहे, तुम्ही पासपोर्टवर जाता. खानापूरचा पत्ता असलेला माणूस वास्कोला किंवा पुण्याला लस घेऊ शकतो. वास्को आणि पुण्यात मराठीत बोलून काम होतं. घरातल्या वयस्क माणसाला पाठवताना याचा फार उपयोग होतो.

निघण्याआधी फोन केल्याशिवाय घर सोडू नका. या लसीची एक कुपी अनेकांसाठी असते आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून बरीच केंद्रं आठवड्यातले ठरावीक वार ठेवतात, आधी नाव नोंदवून घेतात आणि पुरेशी माणसं जमली की कुपी फोडतात. मधूनमधून साठाही संपतो. फोनवर चार गोष्टी विचारा: कोणत्या वारी देता, साठा आहे का, नोंदणी कशी करायची, फी किती आणि रोख की ऑनलाइन. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची केंद्रांची यादीही ताजी बघा, तिच्यात नावं वाढत असतात.

मराठा लाइट इन्फंट्रीतून शांतिसेनेवर जाणाऱ्यांची लस लष्करच करतं. त्यांच्या घरच्यांनी ही धावपळ करण्याची गरज नाही.

5. जाताना काय न्यायचं

- मूळ पासपोर्ट आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या झेरॉक्स
- आधार कार्डाची झेरॉक्स
- तिकीट, व्हिसा किंवा कंपनीचं पत्र, यांपैकी जे असेल ते
- चालू औषधांची चिठ्ठी, जुन्या आजारांचे कागद
- लहान मुलांसाठी जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड
- पेन

पासपोर्ट अजून हातात नसेल तर लसीला जाऊ नका. कार्डावर ओळखपत्राचा क्रमांक येतो, नंतर घालून मिळत नाही.

तिथले डॉक्टर प्रश्न विचारतील, त्यांना काही लपवू नका. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, अंगावर पाजत असाल, एचआयव्ही असेल, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर आधी सांगायचं. साठीच्या पुढच्या माणसांना पहिल्यांदाच ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ती देतच नाहीत. ज्यांना देता येत नाही त्यांना डॉक्टर तसं लेखी देतात. ते पत्र घेऊन जाणार असाल तर त्या देशाच्या वकिलातीला आणि विमान कंपनीला आधी विचारा.

चिकोडी, अथणी, निपाणी भागातली जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबं नेहमी विचारतात म्हणून स्पष्ट सांगतो: ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. तिला दुसरा पर्याय उपलब्ध नाही. निर्णय घरात बसून आधीच करा. रांगेत उभं राहून तो करणं अवघड जातं.

6. खुर्चीवरून उठण्याआधी कार्ड वाचा

लस झाल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात. त्या अर्ध्या तासात कार्डावरची प्रत्येक ओळ पासपोर्टशी ताडून पाहा.

- नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे कुणाचं आडनाव पुढे, कुणाचं मागे, वडिलांचं नाव कधी आत तर कधी नाही. कानडी पद्धतीनं आद्याक्षर आलेली नावंही असतात. पासपोर्टवर जे आहे तेच खरं.
- जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक.
- लसीची तारीख, महिना अक्षरांत लिहिलेला.
- लसीचा बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही, केंद्राचा शिक्का.
- तुमची स्वतःची सही. मुलांसाठी पालकाची.

खाडाखोड असेल तर तिथंच नवीन कार्ड मागा. खोडलेलं कार्ड रद्द ठरू शकतं. जन्मगाव बेलगाम की बेळगावी, या 2014 पासूनच्या घोळाची इथं चिंता नको. या कार्डावर जन्मगाव नसतंच.

नंतर दोन-तीन दिवस अंग दुखेल, कणकण येईल, तेवढं साहजिक आहे. महिनाभर रक्तदान करू नका आणि बायकांनी महिनाभर गरोदरपण टाळावं.

कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि मेलवर ठेवा, मूळ कार्ड पासपोर्टमध्येच. पुढे पासपोर्ट बदलला तर जुना पासपोर्ट टाकू नका, कार्डावर त्याचाच क्रमांक आहे.

7. शिकायला जाणाऱ्यांसाठी

इथं खरा गोंधळ जुन्या नोंदींचा असतो. अमेरिकेतलं विद्यापीठ एक फॉर्म पाठवतं आणि त्यात एमएमआरच्या दोन डोसांच्या तारखा मागतं. घरात शोधाशोध सुरू होते. तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाचं सरकारी आरोग्य कार्ड) सापडलं तर कानडीत, अर्धं पुसलेलं. आजोळी जन्म झाला असेल तर कार्ड कोल्हापूरला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरकारी लसीकरणात एमएमआर नसते. तिथं आधी गोवर होती, आता गोवर-रुबेला आहे. गालगुंड तिच्यात नाही. कर्नाटकात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम फेब्रुवारी 2017 मध्ये शाळाशाळांतून झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 पासून. म्हणजे निपाणीच्या शाळेतल्या मुलाची आणि कागलला शिकलेल्या त्याच्या मामेभावाची तारीख वेगळी. दोघांनीही ती फॉर्मवर एमएमआर म्हणून लिहायची नाही.

रस्ते दोन. एक, एमएमआरचे दोन डोस नव्यानं घ्या, 28 दिवसांच्या अंतरानं. लहानपणी झालेली असली तरी पुन्हा घेतल्यानं अपाय होत नाही. दोन, रक्ताची प्रतिपिंड तपासणी करून तिन्ही आजारांविरुद्ध संरक्षण आहे असा अहवाल द्या. बरीच विद्यापीठं तो स्वीकारतात. मी पहिला रस्ता सुचवतो. तपासणीत एकाचा जरी निकाल कमी आला तर शेवटी लस घ्यावीच लागते आणि मधले दिवस वाया जातात.

या लसी बेळगावातच मिळतात, मोठ्या रुग्णालयांत आणि बालरोगतज्ज्ञांकडेही. मोठ्या मुलानं लहान मुलांच्या दवाखान्यात जायला संकोच करू नये, लसींचा साठा आणि हिशेब त्यांच्याकडेच उत्तम असतो. लस जिथं फ्रिजमध्ये ठेवलेली आहे तिथंच टोचून घ्या. मेडिकलमधून विकत घेऊन एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीतून दवाखान्यापर्यंत नेलेल्या लसीची खात्री कोण देणार? तिला 2 ते 8 अंश तापमान लागतं.

मेंदूज्वराची लस काही ठिकाणी सक्तीची आहे. टेक्सासमध्ये 22 वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना ती लागते. कांजिण्यांचे दोन डोसही मागतात.

क्षयरोगाच्या तपासणीत आपली मुलं हमखास अडकतात. लहानपणी बीसीजी म्हणजे क्षयाची लस घेतलेल्याची हातावर सुई टोचून केलेली मँटू चाचणी क्षय नसतानाही फुगू शकते. मग एक्स-रे, मग पत्रव्यवहार. विद्यापीठ चालवून घेत असेल तर रक्तावरची इग्रा चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मँटूच करायची असेल तर एमएमआर घेण्याआधी किंवा त्याच दिवशी करा. एमएमआरनंतर लगेच केली तर निकाल चुकू शकतो.

इंग्लंडला 6 महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्यांना व्हिसासाठी क्षयाची तपासणी लागते आणि ती ब्रिटननं मान्य केलेल्या मोठ्या शहरांतल्या दवाखान्यातच. इथल्या डॉक्टरांचं पत्र त्याला चालत नाही.

फॉर्मवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. कानडी कार्डाची झेरॉक्स जोडायची असेल तर डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत तारखा लिहून घ्या.

8. हज आणि उमरा

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना प्रशिक्षण शिबिरात लस मिळते, तिथं गैरहजर राहू नका. खासगी टूरनं उमऱ्याला जाणाऱ्यांनी स्वतः घ्यायची. ए, सी, वाय, डब्ल्यू अशा चार प्रकारांवरची मेंदूज्वराची लस हवी. कॉन्जुगेट लसीचं प्रमाणपत्र 5 वर्षं चालतं, साध्या पॉलिसॅकराइडचं 3 वर्षं. या दोन्हींपैकी कोणती ते लिहिलेलं नसेल तर 3 वर्षंच धरतात, म्हणून तो शब्द लिहून घ्याच. वयस्क यात्रेकरूंनी फ्लूची लसही घ्यावी. एवढ्या गर्दीत खोकला सर्वांनाच लागतो.

9. कोणी मागत नाही, तरी घ्याव्यात अशा

टायफॉइड आणि कावीळ अ. दोन्ही खराब पाण्यातून येतात. "आपण इथलंच पाणी पितो, आपल्याला काय होतंय" हे मी खूप ऐकतो, पण परक्या गावात आजारी पडून कामावरून घरी बसलेला माणूस मी पाहिला आहे. धनुर्वाताचं दहा वर्षांत झालं नसेल तर तेही. गावाकडे, प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजची लस आधी घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आफ्रिकेला जाणाऱ्यांनी मलेरियाचं औषध विसरू नये. पिवळ्या तापाची लस झाली म्हणजे डासांपासून सुटलो असा समज घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. प्रवाशांना मलेरियासाठी गोळ्याच घ्याव्या लागतात. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात. कोणती गोळी, किती दिवस, हे देशावर ठरतं, म्हणून डॉक्टरांनाच विचारा.

10. परत आल्यावर

आल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: मी अमुक देशातून अमुक तारखेला आलोय. न सांगितल्यास ते डेंगी आणि टायफॉइडच शोधत बसतील, कारण इथं तेच दिसतं. आफ्रिकेतला मलेरिया दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतो. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, पहिली नकारात्मक आली आणि ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.